विमानाला कायदा, वैमानिकाला वायदा

एप्रिल 2025 मध्ये आपल्या संसदेच्या दोन्ही सभागृहांनी एक विधेयक तीन दिवसांत हातावेगळे केले. विमाने भाड्याने देणाऱ्या परदेशी कंपन्यांचा हक्क त्यात पक्का केला गेला. भारतातली विमान कंपनी बुडाली, तर डब्लिनच्या भाडेमालकाने आपले विमान सोडवून न्यावे, दिवाळखोरीच्या स्थगितीने त्याची वाट अडवू नये, असा त्याचा मतलब. विमानविषयक वस्तूंमधील हितसंबंधांचे संरक्षण, असे त्याचे भारदस्त नाव. त्यात विमानाचा सांगाडा आला, इंजिन आले, हेलिकॉप्टर आले. कॉकपिटमध्ये बसणारा माणूस तेवढा आला नाही. तो वस्तू नाही ना! वस्तू असता, तर त्याचेही हितसंबंध कोणाला तरी आठवले असते.

ही तत्परता कशातून उपजली तेही सांगितले पाहिजे. वाडिया समूहाच्या, मुंबईतून चालणाऱ्या गो फर्स्टने 2 मे 2023 रोजी आपण होऊन दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून उड्डाणे बंद पाडली. दोष प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांवर ढकलला. त्या इंजिनांच्या तक्रारी जगभर होत्या, हे खरेच आहे. पण इंजिने नादुरुस्त निघाली म्हणून कंपनीने आपल्या माणसांचे पगार आधीपासून रखडवायचे, हे कोणत्या तांत्रिक पुस्तिकेत लिहिले आहे? भाडेमालक दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्राने अधिसूचना काढून विमानांना स्थगितीतून वगळले. 26 एप्रिल 2024 रोजी न्यायालयाने नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीएला बजावले, की 54 विमानांची नोंदणी पाच कामकाजी दिवसांत रद्द करा. पाच दिवस! आणि पुढच्या वर्षी तर कायदाच झाला. बारा महिन्यांत विमानांचा निकाल आणि चोवीस महिन्यांत विमानांसाठी कायदा. असे सरकार कामाला लागलेले आम्ही क्वचितच पाहिले आहे.

आणि वैमानिक? गो फर्स्ट कोसळल्यावर दोन महिन्यांच्या आतच इंडिगोने पॅरिसच्या प्रदर्शनात एका दमात 500 विमानांची मागणी नोंदवली. एअर इंडियाने त्याच वर्षी फेब्रुवारीत 470 विमानांची घोषणा केली होती. त्यामुळे एअरबस ए320 वर हजारो तास काढलेले कप्तान हातोहात उचलले गेले, आणि मंत्र्यांपासून वाहिन्यांपर्यंत सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला, की पाहा, माणसे सामावली गेली. कप्तान सामावले गेले. खालच्या फळीचे काय? नुकतेच उजव्या सीटवर बसू लागलेले, टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक प्रकारचे विमान उडवण्याच्या पात्रतेचे, पैसे भरून दोन-तीनशे तासांवर अडकलेले फर्स्ट ऑफिसर कोणाला हवे होते? त्याच 2023 सालात डीजीसीएने 1622 व्यावसायिक वैमानिक परवाने दिले आणि तो विक्रम म्हणून मिरवला. नव्या परवान्यांचे ढोल वाजत असताना जुन्या परवानाधारकांचे अर्ज कचऱ्यात जात होते, याची नोंद कोणत्याही विक्रमात झाली नाही.

जेट एअरवेजची कथा याहून काळी. 5 मे 1993 ला सुरू झालेली ही कंपनी 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसर-मुंबई उड्डाणाने संपली. त्याआधीचे तीन-साडेतीन महिने वैमानिकांनी पगाराशिवाय विमाने उडवली. हे वाक्य पुन्हा वाचा. दीड-दीडशे जीव पाठीशी घेऊन, घराचा हप्ता थकलेला माणूस धावपट्टीवर उतरत होता. त्यांच्या संघटनेने 'नो पे, नो फ्लाय'चा इशारा दिला, मग कंपनी जगावी म्हणून तो पुढे ढकलला, पुन्हा दिला, पुन्हा ढकलला. शेवटी कंपनीने मागितलेले चारशे कोटींचे तातडीचे कर्ज बँकांनी नाकारले आणि वीस हजारांच्या आसपास माणसे एका रात्रीत रस्त्यावर आली. अंधेरीच्या मुख्यालयापुढे गणवेशातले कप्तान फलक घेऊन उभे राहिलेले मुंबईने पाहिले. पाहिले आणि रिक्षा पुढे गेली.

त्यानंतर पाच वर्षे पुनरुज्जीवनाचे नाटक रंगले. जालान-कालरॉक हे खरेदीदार आले, योजना मंजूर झाली, विमाने आज उडतील, उद्या उडतील असे मुहूर्त निघाले. कित्येक वैमानिक या मुहूर्तांवर थांबून राहिले. 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला घटनादत्त विशेषाधिकार वापरून अवसायनाचा हुकूम दिला आणि पडदा पडला. 2019 मध्ये पंचेचाळिशीत असलेला कप्तान तोवर पन्नाशीचा झाला होता. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे त्याच्याच घामाचा पैसा, पूर्ण द्यावा हे ठरवायलासुद्धा जानेवारी 2023 पर्यंत सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. संस्थापक नरेश गोयल यांना सप्टेंबर 2023 मध्ये ईडीने अटक केली. त्यांच्यावरील आरोपांचे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. पण त्या अटकेने कोणत्या वैमानिकाच्या खात्यात एक रुपया जमा झाला, ते ईडीने सांगावे!

आणि किंगफिशर? ऑक्टोबर 2012 मध्ये तिचा परवाना निलंबित झाला, तेव्हा महिनोन्‌महिने पगार नव्हते. जे पगार मिळाले होते त्यांतून प्राप्तिकर कापला गेला होता, तो सरकारजमा झाला नव्हता, आणि नोटिसा आल्या त्या कर्मचाऱ्यांच्या घरी. मालक मार्च 2016 मध्ये लंडनला पोचले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. या कंपन्यांच्या आधी ईस्ट-वेस्ट, मोदीलुफ्त, एनईपीसी असे नव्वदीतले धडे होते. त्या धड्यांतून शिकले कोण? भाडेमालक शिकले, बँका शिकल्या. सरकार शिकले ते फक्त त्या दोघांसाठी.

नोकरी गेलेला कारकून दुसरी नोकरी शोधतो तेव्हा त्याची अक्षरओळख नाहीशी होत नाही. वैमानिकाची होते. म्हणजे कायद्याने होते. नव्वद दिवसांत तीन उड्डाणे-उतरणी झाल्या नाहीत, की तो प्रवासी घेऊन उडू शकत नाही. सहा महिन्यांनी प्रावीण्य तपासणी, वर्षाला इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तपासणी, ठरावीक मुदतीने प्रथम श्रेणीची वैद्यकीय चाचणी. नोकरीत असताना हे सारे कंपनी करते. घरी बसल्यावर सिम्युलेटरचे तासाला हजारो रुपये स्वतःच्या खिशातून मोजायचे. खिसा तर आधीच फाटलेला. मग मुलाखतीला बोलावणारा पहिला प्रश्न विचारतो, शेवटचे उड्डाण कधी केले होते? उत्तर जितके जुने, तितका माणूस बाद. बेकारीच माणसाची लायकी खाते, अशी ही नोकरी आहे, आणि हे डीजीसीएला ठाऊक नाही असे कोणी म्हणेल तर आम्ही हसू. हे नियम तिचेच आहेत. ते सुरक्षेसाठी आहेत आणि आवश्यकही आहेत. त्यातला एकही सैल करा असे आम्ही म्हणणार नाही. पण नियम करणाऱ्याला तो पाळण्याचा खर्च कोण उचलणार हे विचारायची लाज का वाटावी?

जेटच्या लोकांना आणखी एक फटका बसला. त्यांची मोठी फळी बोइंग 737 ची. भरती करणाऱ्या इंडिगो आणि गो यांचा ताफा एअरबसचा. बोइंगवर पाच हजार तास काढलेल्या माणसाला एअरबससाठी नव्याने टाइप रेटिंग करावे लागते, आणि स्वखर्चाने केले तर ते लाखांच्या घरात जाते. 737 चालवणाऱ्या स्पाइसजेटने शंभरेक वैमानिक घेतले, तेही पडत्या भावात. पण 2019 च्याच मार्चमध्ये 737 मॅक्स विमाने जमिनीवर आली होती, त्यामुळे तिथेही जागा आटल्या. बाजारात टंचाई होती आणि दारात बेकारी होती, एकाच वेळी. या दरीवर पूल बांधणे कंपन्यांच्या हिताचे नव्हते. मग ते सरकारचे काम नव्हते काय?

अशा वेळी उपदेशकांचे पेव फुटते. म्हणे, देशात पर्याय पुष्कळ आहेत! चला, एकेक पाहू. प्रशिक्षक व्हा, म्हणतात. देशात चाळीसच्या आसपास उड्डाण प्रशिक्षण संस्था आहेत. महाराष्ट्रात गोंदिया, धुळे, नागपूर, बारामती ही नावे घरोघरी ठाऊक आहेत, अमरावतीच्या बेलोऱ्यात एअर इंडियाची अकादमी उभी राहते आहे. प्रशिक्षकांची चणचण सगळीकडे. पण जेट विमानाच्या कप्तानाला सेस्नावर शिकवायचे तर वेगळे प्रशिक्षक रेटिंग लागते, त्यासाठी छोट्या विमानावर पुन्हा उड्डाण, पुन्हा परीक्षा, पुन्हा खर्च. खासगी चार्टर कंपन्यांत जा, म्हणतात. तिथले किंग एअर किंवा सायटेशन हे वेगळे विमान, रेटिंग वेगळे, आणि पूर्ण कंपनीत वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ड्रोन शिकवा, सिम्युलेटर चालवा, ग्राउंड क्लासेस काढा. काहींनी ते केलेही, आणि ज्यांनी केले त्यांचे आम्ही कौतुकच करतो. मात्र हे पर्याय माणसांनी स्वतःच्या नखांनी उकरून काढले. ते सरकारने दिले असल्याच्या थाटात कोणी सांगू नये.

एक पर्याय असा होता, जो सरकारच्या मुठीत होता. खुद्द डीजीसीएत निम्म्याच्या आसपास मंजूर पदे रिकामी असल्याचे संसदीय समितीने 2025 मध्ये लिहून दिले आहे. विमानसुरक्षेची तपासणी करणाऱ्या खात्याची ही अवस्था! एकीकडे तपासायला माणसे नाहीत, दुसरीकडे दहा-दहा हजार तास उडालेले कप्तान घरी बसून मुलांना शाळेत सोडत आहेत. दोन्ही टोके एकाच मंत्र्याच्या टेबलावर होती. दोरी कोणी बांधली नाही.

देशात दार बंद, म्हणून माणूस परदेशाकडे पाहतो. तिथे तरी गालिचा पसरला आहे काय? युरोपात जायचे तर तिथल्या परवान्यासाठी एक डझनाहून अधिक विषयांच्या लेखी परीक्षा पहिल्यापासून द्याव्या लागतात. अमेरिकेत आधी कामाचा कायदेशीर हक्क लागतो, मग त्यांचा परवाना. कोविडच्या आधी चीनच्या कंपन्या जगभरच्या कप्तानांना डोळे दिपवणारे डॉलर मोजत होत्या. 2020 मध्ये ते दार धाडकन लागले. उरले आखात आणि व्हिएतनामसारखे देश. दुबई, दोहा, शारजा इथल्या कंपन्या परवाना रूपांतराचा सोपस्कार स्वतः पार पाडतात, घर देतात, मुलांच्या शिक्षणाला पैसे देतात, आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार देतात. हे शेवटचे वाचून उपदेशकांनी नाक मुरडू नये. जेट आणि किंगफिशरमधून होरपळून निघालेल्या माणसाला तारखेला मिळणाऱ्या पगाराची किंमत पगाराच्या आकड्यापेक्षा मोठी वाटते. मात्र तिथेही मागणी असते ती विमानावर अलीकडचे तास असलेल्या कप्तानाला. दोन वर्षे घरी बसलेल्याला नाही, आणि तीनशे तासांच्या फर्स्ट ऑफिसरला तर नाहीच.

आता ढोंगाचा कळस पाहा. 2017 पासून डीजीसीएचा नियम असा, की कप्तानाला नोकरी सोडायची तर बारा महिन्यांची नोटीस आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची. जगाच्या पाठीवर कोणता व्यवसाय असा आहे, जिथे सरकार स्वतः मालकाच्या वतीने नोकराला वर्षभर खुंटीला बांधून ठेवते? 2023 मध्ये अकासाचे 43 वैमानिक नोटीस न पाळता गेले, तेव्हा कंपनी कोट्यवधींची भरपाई मागत न्यायालयात धावली. करार मोडू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण मग कराराची दुसरी बाजू? मालकाने बारा महिन्यांची नोटीस दिल्याशिवाय विमान कंपनी बंद करू नये, असा नियम कुठे आहे? गो फर्स्टने किती महिन्यांची नोटीस दिली? वैमानिक वर्षभर आधी सांगेल, मालक रात्री बारा वाजता सांगेल, हा न्याय झाला काय? नोटिशीच्या काळात पगार-भत्ते कापले गेले, तर वैमानिकाने लवकर सुटकेसाठी विनंती करावी, अशी एक फट नियमात ठेवली आहे. विनंती! उपाशी माणसाने ताटावरून उठण्यासाठी अर्ज करायचा!

एवढ्यावर भागले नाही. ऑगस्ट 2025 मध्ये भारत सरकारने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेपुढे गाऱ्हाणे मांडले, की परदेशी कंपन्या आमचे अनुभवी वैमानिक आणि तंत्रज्ञ पळवतात, त्यामुळे आमची वाढ खुंटते, तेव्हा देशादेशांत आचारसंहिता करा. चोराच्या उलट्या बोंबा! 2012 मध्ये, 2019 मध्ये, 2023 मध्ये ही माणसे दारात उभी होती, तेव्हा ती 'आमची' नव्हती. दुबईने उचलली तेव्हा एकदम आमची झाली. आणि जे सरकार परदेशी कंपन्यांना आमची माणसे नेऊ नका म्हणते, तेच सरकार भारतीय कंपन्यांना परदेशी वैमानिक आणण्याची तात्पुरती परवानगी देत आले आहे. ती संपवण्याच्या मुदती कितीदा जाहीर झाल्या आणि कितीदा पुढे सरकल्या, याची खुद्द खात्यालाच आता लाज वाटत नसावी. परदेशी वैमानिकांशी आमचे वैर नाही. तेही पोटासाठीच आले आहेत. पण आपला माणूस बाद का ठरला, हे न विचारता दुसऱ्याचा आणायचा, याला टंचाई म्हणत नाहीत.

इथे एक आवाज हमखास निघतो: लाखांनी पगार घेणाऱ्यांसाठी कसले अश्रू? शेतमजुराला, गिरणी कामगाराला कोणी विचारले होते? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. गिरणी कामगारालाही कोणी विचारले नाही, हे मुंबईच्या कपाळावरचे काळे आहे. म्हणून दुसरे काळे लावून घ्यावे काय? आणि लाखांचा पगार कप्तानाचा. दोनशे तासांच्या व्यावसायिक परवान्याला आज अर्ध्या कोटीच्या पुढे खर्च येतो, त्यावर टाइप रेटिंगचे लाखो. हे पैसे अंबानींच्या घरातून येत नाहीत. वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतून येतात, गहाण टाकलेल्या फ्लॅटमधून येतात, विकलेल्या एकरांतून येतात. कंपनी दोन वर्षांत बुडते. बँकेचा हप्ता दहा वर्षे चालतो. दिवाळखोरी कायद्यात कामगारांची चोवीस महिन्यांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीला आहेत, पण कामगार नसलेल्या कर्मचाऱ्याला फक्त बारा महिन्यांची, तीही बँकांच्या मागच्या रांगेत. आणि वैमानिक कामगार की नाही, यावर त्याने स्वतः वकील लावून भांडायचे. कर्मचारी विम्याची बेरोजगारी भत्त्याची जी काय तुटपुंजी योजना आहे, तिच्या वेतनमर्यादेच्या जवळपासही तो येत नाही. म्हणजे गरीब म्हणून मदत नाही, श्रीमंत म्हणून वजन नाही.

याहून वेगळे करता येते, आणि इतरांनी केले आहे. ब्रिटनमध्ये 2017 मध्ये मोनार्क बुडाली, 2019 मध्ये थॉमस कुक बुडाली. तिथल्या कर्मचाऱ्यांना थकीत पगार आणि बेकारीची भरपाई ठरावीक मर्यादेपर्यंत राष्ट्रीय विमा निधीतून मिळते, मालकाची तिजोरी रिकामी असली तरी. जर्मनीत दिवाळखोर मालकाच्या कामगाराला तीन महिन्यांचे वेतन सरकारी यंत्रणा देते. अमेरिकेच्या मोठ्या विमान कंपन्यांत मंदीत घरी बसवलेल्या वैमानिकाचा ज्येष्ठताक्रम कायम राहतो, आणि भरती सुरू झाली की आधी त्याला बोलावणे येते. भांडवलशाहीच्या त्या पंढऱ्यांत हे चालते. आपल्याकडे 2020 च्या ऑगस्टमध्ये तेव्हाच्या सरकारी एअर इंडियानेच चाळीसवर वैमानिकांना एका झटक्यात काढले, आणि पुढच्या जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला तो हुकूम रद्द करावा लागला. सरकार मालक झाले, की तेही मालकच होते!

डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात या साऱ्याचे बिल फाटले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी 2024 मध्ये जाहीर झाले होते; शेवटचा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 ला लागू झाला. पावणेदोन वर्षे हातात असूनही देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचे वैमानिक कमी पडले आणि इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. लग्नाला निघालेले, परीक्षेला निघालेले, मयताला निघालेले लोक विमानतळांच्या फरशीवर झोपले. कंपन्यांनी भरती गोठवली आणि एकमेकांची माणसे न घेण्याचे साटेलोटे केले, असा भारतीय वैमानिक महासंघाचा आरोप आहे. सरकारने काय केले? थकलेल्या वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमातूनच कंपनीला काही काळ सूट दिली. कंपनीने माणसे भरली नाहीत, म्हणून आहेत त्यांना कमी झोपू द्या!

येत्या पंधरा-वीस वर्षांत तीस हजार वैमानिक लागतील, असे मंत्री राममोहन नायडू सांगत फिरतात. तीस हजारांची स्वप्ने पाहण्याआधी नायडूंनी चार कामे करावीत. विमान कंपनीला परवाना देताना तीन महिन्यांच्या पगाराची रक्कम स्वतंत्र, हात न लावता येणाऱ्या खात्यात ठेवून घ्यावी. भाडेमालक जशी अनामत घेतात तशी. एका महिन्याचा पगार थकला, की त्या दिवसापासून नोटिशीचा नियम आपोआप रद्द समजावा, अर्ज-विनंती नको. कंपनी बंद पडल्यापासून वर्षभर वैमानिकाच्या सिम्युलेटर तपासणीचा खर्च विमानतळ शुल्कातून उभारलेल्या निधीने उचलावा. आणि परदेशी वैमानिकाच्या कोणत्याही नव्या परवानगीवर सही करण्याआधी, त्या प्रकारच्या विमानाचे रेटिंग असलेले किती भारतीय वैमानिक बेकार आहेत आणि त्यांना का घेतले नाही, याचे लेखी उत्तर कंपनीकडून घ्यावे. यासाठी समिती नेमू नका, सर्वेक्षण करू नका. प्रत्येक परवानाधारकाचे नाव, रेटिंग आणि शेवटच्या तपासणीची तारीख डीजीसीएच्या संगणकावर आजही आहे. तो उघडा.